आधी नाव लावा, मग सही मागा



‘हक्कसोड पत्र’ हा शब्द आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो निघतो घरातला कर्ता माणूस गेल्यावरच. चाळिसावा होतो, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि काही दिवसांनी भावाचा फोन येतो, ‘आपा, एक दिन के लिए नागपूर आ जाओ, कागज पे तुम्हारी साइन लगती.’ बहीण येते. निबंधक कार्यालयात फोटो निघतो, अंगठा उमटतो, सही होते. दुपारी भाभीच्या हातचे जेवून ती संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला नाहीतर बल्लारशाला परत जाते. कागदावर काय लिहिले होते हे तिने वाचलेले नसते आणि कोणी वाचूनही दाखवलेले नसते. त्या एका सहीने बापाच्या घरातला तिचा वाटा संपलेला असतो.

स्त्रीवाद हा शब्द निघाला की आपल्याकडे लगेच दोन बाजू उभ्या राहतात. एक म्हणते, हे बाहेरून आलेले खूळ आहे. दुसरी म्हणते, मुस्लिम बाईची सगळी दुःखे तिच्या धर्मातूनच आली आहेत. हे बोलणे टीव्हीवर तासन्‌तास चालते आणि तलाक सोडून दुसरा विषय त्यात क्वचितच येतो. तलाक काही घरांत होतो. बाप मात्र प्रत्येक घरातला कधी ना कधी जातो आणि वारशाचा प्रश्न प्रत्येक मुलीसमोर येतो. म्हणून या महिन्यात वाट्याबद्दल बोलू.

हिशेब काय सांगतो

समजा, अब्बा गेले. मागे अम्मी, दोन मुलगे आणि तीन मुली. कफन-दफनाचा खर्च, कर्ज, अम्मीची मेहर द्यायची राहिली असेल तर ती आणि वसीयत असेल तर ती, एवढे वजा जाऊन राहिले एक घर, किंमत ४० लाख रुपये. सूरह अन्-निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीतला नियम लावला तर अम्मीला आठवा हिस्सा, म्हणजे ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांत मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. दोन मुलांचे चार आणि तीन मुलींचे तीन, असे सात भाग झाले. प्रत्येक मुलीला ५ लाख, प्रत्येक मुलाला १० लाख. मी भाषा शिकवते, गणित नव्हे; पण सातवीतले मूल हा हिशेब पाच मिनिटांत करील.

आता मोमिनपुऱ्यात, टेक्यात, जाफरनगरात, कामठीत, आपापल्या ओळखीच्या घरांत असे किती वाटे झाले ते मनातल्या मनात मोजून पाहा. बहुतेक ठिकाणी दोन्ही मुलांना वीस-वीस लाख आणि अम्मी ज्याच्याकडे राहील त्याच्याकडे, असाच हिशेब झालेला दिसेल. ‘मुलाला दुप्पट’ हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण दुप्पट म्हणायला आधी कोणाचा तरी एक असावा लागतो. तो एक भाग मुलीचा आहे. आयतीचा अर्धा भाग भावाने स्वतःसाठी लक्षात ठेवला आणि उरलेला अर्धा विसरला.

एका विधवेची तक्रार

ही आयत कोणत्या प्रसंगी उतरली, हे मुलींना मदरशात आणि शाळेत सांगायला हवे. उहुदच्या लढाईत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. मागे पत्नी आणि दोन मुली. सअद यांच्या भावाने सगळा माल ताब्यात घेतला, मुलींना काही ठेवले नाही. तेव्हाच्या अरबी रिवाजाप्रमाणे त्यात नवल नव्हते. जो लढाईला जाऊ शकतो तोच वारस, अशी रीत होती. पण सअद यांची विधवा गप्प बसली नाही. दोन्ही मुलींना घेऊन ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेली आणि म्हणाली, यांच्या चुलत्याने सारे घेतले, आता या मुलींची लग्ने कशी व्हायची? प्रेषितांनी अल्लाहच्या निर्णयाची वाट पाहायला सांगितले. वारशाची आयत उतरली. मग चुलत्याला बोलावून सांगितले गेले: मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरेल ते तुझे. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहांत हा प्रसंग आहे.

त्या बाईला कोणी घर फोडणारी म्हटले नाही. दिराचे नाव घेऊन तक्रार केली म्हणून तिला दटावले नाही. तिची तक्रार ऐकली गेली आणि तिच्या मुलींचा हक्क पुढच्या सगळ्या मुलींसाठी कायम झाला. बहिणीने वाटा मागितला की ‘जमाना बिघडला’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा घरात मोठ्याने वाचावा.

मुंबईत १८४७ साली काय झाले

धर्माने दिलेला हक्क रिवाजाने काढून घ्यायचा आणि कायद्याने त्यावर शिक्का मारायचा, हे आपल्या महाराष्ट्रात कसे घडले याचा एक जुना दाखला आहे. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात १८४७ साली खोजा आणि मेमन समाजातल्या मुलींचे दावे आले. त्यातला एक हीरबाईचा, दुसरा रहिमतबाईचा. कायद्याच्या पुस्तकांत ते ‘खोजा-मेमन खटले’ म्हणून ओळखले जातात. मागणे सरळ होते: आम्ही मुसलमान आहोत, बापाच्या मिळकतीत कुरआनाप्रमाणे वाटा द्या. समोरच्या बाजूचे म्हणणे होते की आमच्या जमातीत मुलींना वाटा देत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या अशीच रीत आहे.

न्यायाधीश होते सर अर्स्किन पेरी. कुरआनात मुलीचा वाटा स्पष्ट आहे हे त्यांना मान्यच होते. तरी त्यांनी निकाल रिवाजाच्या बाजूने दिला. रूढी जुनी आहे आणि सिद्ध झाली आहे, म्हणून ती चालेल. मुली हरल्या. इंग्रजांच्या कोर्टाने एका समाजाच्या पुरुषांची सवय हाच त्या समाजाचा कायदा ठरवला. ती सवय बायकांना मान्य होती की नाही, याचे उत्तर दावा लावणाऱ्या मुलींनी तिथेच दिले होते.

आपला नागपूरचा भाग तेव्हाच्या मध्य प्रांतात होता. तिथल्या १८७५ च्या कायद्यात मुसलमानांच्या वारशाला मुस्लिम कायदा लावावा असे लिहिले होते, पण खाली पुस्ती होती: एखाद्या वर्गात वेगळी रूढी असेल तर ती चालेल. म्हणजे दार उघडे, पण कडी रूढीच्या हातात.

ही कडी निघाली १९३७ च्या शरीअत कायद्याने. आज या कायद्याचे नाव काढले की तो बायकांच्या विरोधातला समजला जातो. मूळ विधेयकासोबतच्या निवेदनात मात्र उलटे लिहिले आहे. रूढीच्या कायद्याखाली मुस्लिम स्त्रीची अवस्था लाजिरवाणी आहे आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी रूढीचा निषेध करून शरीअत कायद्याची मागणी केली आहे, असे कारण त्यात दिलेले आहे. दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, कच्छी मेमनांसाठी वेगळा कायदा होऊन त्यांच्या मुलीही मुस्लिम वारसा कायद्याखाली आल्या. रहिमतबाईच्या दाव्यापासून त्याला ९१ वर्षे लागली.

तरीही १९३७ च्या कायद्यात एक फट राहिली. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘शेतजमीन सोडून’ असे शब्द आहेत. शेतजमीन तेव्हा प्रांतांच्या अखत्यारीत होती, हे त्यामागचे कारण. पण याचा मोठा फायदा जमीनदार घराण्यांतल्या पुरुषांना झाला, कारण खरी मिळकत जमीनच होती. मद्रास प्रांताने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती करून शेतजमीनही त्यात आणली. केंद्राच्या कायद्यात ते शब्द आजही तसेच आहेत. शरीअतच्या रक्षणासाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्या नेत्यांनी हे शब्द काढून टाका, अशी मागणी किती वेळा केली?

चार कारणे, चार उत्तरे

कायदा नव्वद वर्षांचा होत आला, पण रूढी घरातच राहिली. आता ती कोर्टात उभी राहत नाही, दिवाणखान्यात गोड बोलून काम भागवते. तिची चार वाक्ये ठरलेली आहेत.

पहिले: ‘तिच्या लग्नात दिले ना!’ फ्रिज, कपाट, मोटारसायकल आणि सहाशे माणसांचे जेवण. जहेजची मागणी दीनमध्ये नाही, कायद्यात तर १९६१ पासून हुंडा गुन्हा आहे. जे द्यायला नको होते ते दिले म्हणून जे द्यायलाच हवे ते बुडवायचे, हा कुठला न्याय? शिवाय लग्न मुलांचेही झाले. त्यांचा वलीमा त्यांच्या वाट्यातून कोणी कापला नाही.

दुसरे: ‘अम्मीला आम्हीच सांभाळतो.’ सांभाळता ही मोठी नेकी आहे. पण त्या घरात अम्मीचाही आठवा हिस्सा आहे. तोही तुम्ही आपल्या नावावर करून घेतला असेल, तर कोण कोणाला सांभाळते आहे?

तिसरे: ‘तिने स्वखुशीने सोडले.’ माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईला मी विचारले होते, खरेच खुशीने सही केली का? ती म्हणाली, ‘टीचर, वाटा घेतला असता तर ईदला कोणाच्या घरी गेले असते?’ नवऱ्याशी बिनसले, आजारपण आले, तर जायला एकच दार असते. ते बंद होईल या भीतीने दिलेल्या सहीला खुशी म्हणता येत नाही. आणि हनफी आलिमांचे म्हणणे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वारसाची मालकी मृत्यूबरोबर आपोआप येते, ‘मला नको’ एवढे तोंडाने म्हटल्याने ती जात नाही. वाटा आधी तिच्या ताब्यात द्यावा, मग तिला वाटले तर तिने तो भावाला द्यावा. हातात न आलेली वस्तू दान कशी करणार?

चौथे: ‘सगळेच असे करतात.’ हे मात्र खरे आहे. शेजारच्या हिंदू घरांतही हेच चालते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, तरी तिथेही हक्कसोड पत्राचा रिवाज थांबला नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बाया फक्त १४ च्या आसपास होत्या. सरकारही या रिवाजाला हातभार लावते. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जवळच्या नात्यात सोडायचा तर मुद्रांक काही शे रुपयांचा. बाईने हक्क सोडणे इतके स्वस्त, आणि तोच मिळवायला कोर्टात जायचे तर वर्षानुवर्षांची वारी. धर्म वेगळे, कायदे वेगळे, सही मात्र एकीचीच लागते. म्हणून मी म्हणते, दुखणे कायद्याच्या पुस्तकापेक्षा घरातल्या सवयीत जास्त आहे.

अर्ध्याचा प्रश्न

कॉलेजात शिकणाऱ्या मुली मला विचारतात, ‘मॅम, पण अर्धाच का?’ हा प्रश्न विचारल्याबद्दल मुलींना गप्प करू नये. जुने उत्तर असे की घरखर्चाची, बायको-मुलांची, मेहरची जबाबदारी पुरुषावर आहे आणि बाईचा पैसा पूर्ण तिचा आहे. त्या व्यवस्थेत हा हिशेब बसतो. पण आज आपल्या कितीतरी घरांत शिक्षिका, नर्स, शिलाई करणारी मुलगी घर चालवते, आई-बापाला पोसते. जबाबदारी वाढली तर वाट्याचे काय, हे विचारायला मुलींना पूर्ण जागा आहे.

ज्या बापाला मुलींना अधिक द्यावेसे वाटते, त्याला वाटाही आहेत. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करून ताबा देता येतो. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट द्यायचे ठरवले, तेव्हा प्रेषितांनी विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले का? नाही म्हटल्यावर साक्षीदार व्हायला नकार दिला. हयातीतल्या देण्यात मुलगा-मुलगी समान धरावेत, असे अनेक आलिम यावरूनच सांगतात. केरळात कासरगोडचे वकील सी. शुक्कूर यांना तीन मुलीच होत्या. मुलगा नसल्याने दोन तृतीयांशांपुढचा हिस्सा भावांकडे गेला असता. त्यांनी ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले, म्हणजे त्यांच्या मिळकतीला भारतीय वारसा कायदा लागू होईल. त्यावर बराच वाद झाला. त्यांचा मार्ग पटो न पटो, मुलींचा विचार बापाने जिवंतपणी केला, एवढे तरी शिकण्यासारखे आहे.

पण एक गोष्ट विसरू नका. अर्ध्यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक दमून घरी जातात, तेव्हाही बहिणीच्या हातात शून्यच असतो. अर्धा हातात पडल्याशिवाय पूर्णाची चर्चा हवेतलीच राहील.

करायचे काय

पहिली गोष्ट, वारस नोंद. शेती असेल तर मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायचा असतो. त्यात सगळ्या वारसांची नावे येतात आणि फेरफार होऊन ती सातबारावर लागतात. अर्ज बहुधा भाऊच करतो, म्हणून बहिणींनी आपले नाव त्यात आहे का ते पाहावे. फेरफाराची नोटीस आली तर वाचावी, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी. शहरातल्या घराची आखीव पत्रिका नगर भूमापन कार्यालयात मिळते, सुधार प्रन्यासचा प्लॉट असेल तर प्रन्यासकडे चौकशी करावी.

दुसरी, वसीयत. ‘सगळे मुलांना’ अशी वसीयत बापाने लिहून ठेवली म्हणून मुलीचा वाटा जात नाही. हनफी कायद्यात एका वारसाला केलेली वसीयत बाकी वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच चालते. म्हणून संमतीची सही करण्याआधी विचार करा.

तिसरी, आगाऊ सही. बाप हयात असताना मुस्लिम वारसाला मिळकतीत हक्कच नसतो, म्हणून तेव्हाचे नुसते सोडपत्र कामाचे नाही. पण त्या बदल्यात पैसे किंवा वस्तू घेतल्याचे कबूल केले असेल, तर पुढे वाटा मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुलाम अब्बास खटल्यात ठरवले आहे. त्या खटल्यात लिहून देणारे मुलगे होते. नियम मुलीलाही तोच लागेल.

चौथी, मुदत. बहीण गप्प राहिली म्हणून वाटा लगेच बुडत नाही. पण भावाने उघडपणे ‘तुझे काही नाही’ म्हटले की बारा वर्षांची मुदत धावू लागते. मोफत वकील हवा तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे बाईला उत्पन्नाची अट नाही.

आणि भावांसाठी एकच विनंती. अब्बांच्या चाळिसाव्यापर्यंत थांबा, हरकत नाही. त्यानंतर मात्र पहिला कागद वारस नोंदीचा करा आणि त्यात सगळ्या बहिणींची नावे लावा. तिचा वाटा किती, हे आकड्यात सांगा. घर विकायचे नसेल तर किंमत ठरवून हप्त्याहप्त्याने द्या. हप्ता लहान असला तरी चालेल, ठरलेला असावा. मग वर्षा-दोन वर्षांनी तिला स्वतःहून काही सोडावेसे वाटले, तर ती सोडील. तेव्हा ती भीक मागायला आलेली नसेल, द्यायला आलेली असेल.

सूरह अन्-निसाच्या सातव्या आयतीत वाट्याबद्दल सांगितले आहे की तो थोडा असो वा फार, ठरवून दिलेला आहे. ठरवणाऱ्याने ठरवून दिले. आपल्या हातात राहिले फक्त पोचवणे. या महिन्यात आपापल्या घरचा सातबारा नाहीतर आखीव पत्रिका काढून पाहा. ज्या बहिणीचे नाव त्यात नाही, तिला फोन करा. या वेळी सही मागायला नको, नाव लावायला.